जुन्या वहीतल्या माणसांकडून नवं काम कसं मिळवावं

विदर्भातल्या खेड्यात हातात कसब असलेल्या माणसाचं काम एका दिवसात बंद पडत नाही, ते आटत जातं. दालमिलवाला स्वतःची गाडी घेतो. बाजार समितीतला जुना अडत्या थकतो आणि गादीवर मुलगा बसतो, त्याला बापाच्या वेळचे पिकअपवाले माहीत नसतात. विहिरीवर सौर पंप येतो आणि मोटार बांधून देणाऱ्याचं गिऱ्हाईक कमी होतं. घरातलं आजारपण, मुलीचं लग्न, पुण्या-मुंबईकडे काढलेली वर्षं, एवढ्यातही लोक दुसऱ्याकडे वळतात. मग माणूस नवा धंदा शोधू लागतो आणि कर्जाच्या गोष्टी सुरू होतात.

कर्ज काढण्याआधी जुन्या ओळखीच्या माणसांकडे जावं, असं माझं ठाम मत आहे. त्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे तुम्ही कोण हे सांगत बसावं लागत नाही. मात्र खेड्यात ओळखीच्या मागे एखादा हिशेब असतो. कुणाची उधारी राहिलेली असते, कुणाचं काम अर्धवट सुटलेलं असतं, कुणाच्या लग्नाला आपण गेलेलो नसतो. तो हिशेब मोकळा न करता केलेला फोन फुकट जातो. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा हिशेबाला दिली आहे. वेल्डर, पिकअपवाले, मोटार मेकॅनिक, मंडपवाले, शिवणकाम करणाऱ्या बाया, छोटे माल खरेदीदार, चक्की-कांडपवाले अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

पहिलं पाऊल: यादी फोनमधून काढू नका, कागदांतून काढा

फोनमध्ये असलेले नंबर म्हणजे अलीकडची माणसं. कामाची माणसं बहुतेक वेळा जुन्या कागदांत सापडतात. बिलबुकाच्या खालच्या प्रती, उधारीची वही, बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या, जिनिंगच्या वजनकाट्याच्या पावत्या, बँकेचं पासबुक, फोनपे-गूगल पेमधले जुने व्यवहार, हे सगळं एका संध्याकाळी घेऊन बसा. आणखी एक वही बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे घरातल्या लग्नातली आहेराची वही. आहेर कुणी लिहिला यावरून त्या काळी तुम्हाला कोण आपलं मानत होतं हे कळतं, आणि त्यात गिऱ्हाइकंही असतात, व्यापारीही असतात.

शंभर पानी वही घ्या आणि एका माणसाला अर्धं पान द्या. नाव, गाव, कुठलं काम केलं, शेवटचं काम कोणत्या हंगामात झालं, पैशाचं काय राहिलं आणि संबंध कसा थांबला. शेवटचा मुद्दा प्रामाणिकपणे लिहा. ‘त्यांनी बोलावणं बंद केलं’ असं लिहून थांबू नका. दर वाढवल्यामुळे बंद केलं, वेळेवर न गेल्यामुळे केलं, की त्यांचं कामच संपलं, हे आठवून लिहा. पुढे काय बोलायचं ते यावरच ठरतं.

बायांच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. ब्लाउज शिवणाऱ्या किंवा पापड-कुरड्या करून देणाऱ्या ताईंकडे गिऱ्हाइकाचा नंबर म्हणून तिच्या नवऱ्याचा नंबर असतो. त्यावर फोन केला की निरोप पोहोचत नाही. अशा वेळी बचत गटाच्या बैठकीच्या दिवशी थेट जावं आणि त्या बाईचा स्वतःचा नंबर घ्यावा. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांमुळे आता बऱ्याच गावांत अशी बैठक नेमाने होते.

दुसरं पाऊल: काम देणारे वेगळे, वाट दाखवणारे वेगळे

यादी झाली की तिचे दोन भाग करा. एका भागात ज्यांनी स्वतः पैसे देऊन काम करून घेतलं ते, दुसऱ्या भागात ज्यांच्या हातात काम नाही पण ज्यांना कामाची बातमी आधी कळते ते. दुसऱ्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते खरी कमाई तिथेच आहे.

अडत्यापेक्षा त्याच्या मुनिमाला जास्त माहीत असतं. कुठल्या गावातून किती माल येणार, कुणाला गाडी मिळत नाही, कुठला व्यापारी यंदा खेडा खरेदीला उतरणार, हे मुनीम सांगू शकतो. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दिवसभर शेतकरी उभे असतात आणि ‘फवारणी पंप दुरुस्त कोण करतं?’ हा प्रश्न तिथेच विचारला जातो. दालमिलचा फिटर, जिनिंगचा काटेवाला, शेतकरी उत्पादक कंपनीचा व्यवस्थापक, ट्रॅक्टर शोरूमचा मेकॅनिक, स्वयंपाकी, मंडपवाला, तालुक्याचा झेरॉक्सवाला, ही सगळी बातमीची माणसं आहेत. लग्नाची तारीख मंडपवाल्याला कळते तेव्हा घोडीवाल्याला आणि पाण्याच्या टँकरवाल्याला अजून पत्ता नसतो.

दोन्ही भागांतून आधी दहा-बारा नावं निवडा. सगळ्यांना एकदम फोन करायला घेतलं की दुसऱ्या दिवशी उत्साह संपतो, आणि ज्यांनी ‘या भेटायला’ म्हटलं त्यांच्याकडे जाणंही होत नाही.

तिसरं पाऊल: जुना हिशेब मोकळा करा

आधी आपल्याकडून देणं असेल ते बघा. पाचशे रुपये का असेनात, ते घेऊन स्वतः जा. फोनपेवर पाठवून मोकळं होऊ नका. ‘भाऊ, त्या वर्षीचे तुमचे पाचशे राहिले होते, ते द्यायला आलो’ एवढंच बोला, चहा घ्या आणि निघा. त्या दिवशी काम मागू नका. गावात ही गोष्ट तुमच्या आधी चौकात पोहोचते. ज्याचे पैसे तुम्ही बुडवले असं तो समजत होता, तोच चार लोकांत तुमचं नाव चांगलं घेतो. रक्कम मोठी असेल आणि आज देता येत नसेल, तर तोंड चुकवू नका. समोर जाऊन किती आणि कोणत्या महिन्यापासून देणार ते सांगा, मग त्या शब्दाला जागा.

अर्धवट काम राहिलं असेल तर ते पूर्ण करून द्या. ट्रॉलीचा एक कब्जा लावायचा राहिला होता, शेडचा एक पत्रा गळतो, असं काही असेल तर फुकट करा. यात वेळ जातो, सामानाचे पैसेही जातात, पण पुन्हा दार उघडायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे लोकांकडून येणं. इथे दोन गोष्टी कायद्याच्या आहेत आणि त्या प्रत्येक छोट्या धंदेवाल्याला माहीत असाव्यात. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या उधारीच्या वसुलीसाठी दावा करायची मुदत तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने ‘इतके देणं आहे’ असं लेखी मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. आणि मुदत उलटून गेल्यावरही त्याने ‘ही रक्कम मी देईन’ असं लेखी वचन सहीनिशी दिलं, तर करार कायद्याप्रमाणे ते वचन ग्राह्य धरलं जातं. म्हणून वहीत नुसती तुमची नोंद पुरेशी नाही. दर दिवाळीला किंवा गुढीपाडव्याला बाकीची रक्कम वाचून दाखवा आणि खाली समोरच्याची सही घ्या. यात कुणाला अपमान वाटायचं कारण नाही, पूर्वी व्यापारी हेच करत आले आहेत.

पण कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून लगेच वसुलीला निघू नये. ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलं किंवा कापूस बोंडअळीने खाल्ला, त्याच्या दारात उभं राहून पैसे मागताना आपल्या भागात किती घरं कर्जापायी उद्ध्वस्त झाली आहेत हे विसरू नका. अशा घरी आधी माणूस म्हणून जा. घरात कुणी गेलं असेल तर सांत्वनाला जा, आणि त्या भेटीत धंद्याचा शब्द काढू नका. पुढे कधी तरी तो स्वतः विषय काढेल, तेव्हा पैशाऐवजी वस्तू चालेल असं सांगता येतं. दोन पोती तूर, जनावरांसाठी गाडीभर कुटार, नाही तर काही दिवस ट्रॅक्टर वापरायला, असा तोडगा निघतो आणि दोघांचीही मान वर राहते.

एक पथ्य पाळाच. उधारीची मागणी आणि नव्या कामाची विचारणा एकाच भेटीत करू नका. ‘जुनं राहू द्या, पण आता हे काम मला द्या’ असं म्हटलं की समोरच्याला तो सौदा वाटतो, आणि नव्या कामाचे पैसेही तो जुन्याच्या पद्धतीने लांबवतो. उधारी सोडायचीच असेल तर ती मनापासून सोडा, वहीत आडवी रेघ मारा आणि पुन्हा उल्लेख करू नका.

चौथं पाऊल: हंगाम बघून जा

आपल्याकडे वर्ष पिकांच्या हिशेबाने चालतं. पश्चिम विदर्भात आणि वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये निघतं, कापसाची वेचणी ऑक्टोबरपासून पुढे चालते, तूर डिसेंबर-जानेवारीत येते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाचा पैसा नोव्हेंबर-डिसेंबरचा. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडकडे संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर, तर मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणीला येतो. जंगलपट्ट्यात मे महिन्यात तेंदूपत्त्याची मजुरी हातात पडते.

पण पैसा हातात आल्यावर गेलात तर उशीर झाला असं समजा. काम ठरतं ते त्याच्या महिना-दीड महिना आधी. संत्र्याची बाग झाडावर ठरते आणि इसार दिला जातो, तेव्हाच व्यापारी वाहतूक कुणाकडे द्यायची याचा विचार करतो. पिकअपवाल्याने बागवानाला आणि व्यापाऱ्याला त्या दिवसांत भेटावं. ट्रॉली, वखर, पेरणीयंत्र दुरुस्तीसाठी वेल्डरने एप्रिलमध्ये फिरावं, कारण रोहिणी लागल्या की शेतकऱ्याला वेळ नसतो. मळणीयंत्रवाल्याने सोयाबीनसाठी गणपतीच्या आसपास आणि हरभऱ्यासाठी जानेवारीत गावं बांधावीत. पऱ्हाटी (कापसाची झाडं) काढून कुटी करणारं यंत्र असेल तर डिसेंबरपासून विचारणा सुरू करावी. मंडपवाला, बँडवाला, वाढपी यांनी तुळशीचं लग्न होण्याची वाट बघू नये, दसऱ्यालाच फोन करावेत.

जून-जुलैत, पेरणीच्या धावपळीत, कुणाला ‘काही काम आहे का’ विचारू नका. त्या दिवसांत गाठ घ्यायची असेल तर ती मदतीसाठी घ्या. पोळ्याच्या दिवशी मात्र सगळे गावात असतात, त्या दिवशी नुसतं भेटून यावं.

पाचवं पाऊल: पहिला फोन

नंबर जुना असेल तर तो दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेलेला असू शकतो, बंद पडलेले नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात. म्हणून आधी ‘काकाजी बोलतात का?’ असं विचारून खात्री करा. मग स्वतःची ओळख नावापेक्षा कामावरून द्या, कारण लोकांच्या लक्षात काम राहतं.

“राम राम काकाजी, मी आर्वीचा, तुमच्या दोन ट्रॉल्यांचे साचे बांधून दिले होते तो. लई दिवस झाले, भेटच नाही झाली. तब्येत बरी आहे ना? यंदा पऱ्हाटी कशी आहे?”

यानंतर थांबा आणि ऐका. समोरचा बोलतो तेवढं बोलू द्या. मग सांगा, “मी पुन्हा काम सुरू केलं. बुधवारी बाजाराला तुमच्या इकडे येतो आहे, पाच मिनिटं भेटून जाईन म्हणतो.” एवढंच. फोनवर दर सांगू नका, अडचणींचं रडगाणं गाऊ नका. ‘सध्या फार वाईट दिवस आहेत’ असं ऐकलं की माणूस उसने पैसे मागायला फोन आला असं समजतो आणि पुढचा फोन उचलत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर एकच जाहिरात सगळ्यांना पाठवायचा मोह टाळा. ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो, आणि जुन्या ओळखीच्या माणसाने तो केलेला नसण्याचीच शक्यता जास्त. भेट झाल्यानंतर केलेल्या कामाचे दोन फोटो एकेकाला पाठवा आणि तुमचा नंबर सेव्ह करायला सांगा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप फुकट आहे आणि त्यात माणसांना लेबल लावता येतं. ‘संत्रा’, ‘दालमिल’, ‘लग्न’ अशी लेबलं लावलीत तर पुढच्या हंगामात शोधाशोध करावी लागत नाही.

अडत्याला किंवा व्यापाऱ्याला भेटायचं तर हर्रास (लिलाव) चालू असताना जाऊ नका. हर्रास आटोपून मोजमाप लागलं की तो जरा मोकळा असतो, तेव्हा जा. मुलाच्या हाती कारभार गेला असेल तर आधी घरी जाऊन म्हाताऱ्यांना भेटा. ‘हा आपल्या वेळचा माणूस आहे’ हे त्यांनी मुलाला सांगणं आणि तुम्ही दुकानात जाऊन सांगणं यात फार फरक पडतो.

सहावं पाऊल: काम मागण्याआधी त्यांचं काय बदललं ते विचारा

जुनं काम जसंच्या तसं परत मिळेल ही आशा बहुधा खरी ठरत नाही. पण जिथे जुनं काम संपलं तिथेच नवं निघालेलं असतं. हे शोधायला तीन प्रश्न पुरतात. मागच्या काही वर्षांत तुमच्या धंद्यात काय बदललं? यंदा कुठली गोष्ट वेळेवर होत नाही? ज्याच्याकडून करून घेता, तो कुठे कमी पडतो?

मोटार बांधणाऱ्याचंच उदाहरण घ्या. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली, त्यात सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. पंप बसवणारी कंपनी लांबची असते. वादळात पॅनेल हललं, केबल तुटली, पंप पाणी ओढेना, अशा तक्रारीला जवळचा हात लागतो. तुमची जुनी गिऱ्हाइकंच आता सौर पंपवाले शेतकरी आहेत. त्यांच्याकडून बसवणाऱ्या एजन्सीचा नंबर घ्या आणि तालुक्यातल्या दुरुस्तीसाठी माणूस हवा का, हे विचारा. मात्र हमीच्या काळात कंपनीला न विचारता पंप उघडू नका, शेतकऱ्याची हमी जाईल.

पिकअपवाल्याला दालमिलने गाडी घेतल्यामुळे काम गेलं असेल, तर मिलची गाडी कुठल्या दिवशी कमी पडते ते मुनिमाला विचारा. तुरीच्या आवकेच्या दिवसांत एक गाडी कधीच पुरत नाही. शिवाय समृद्धी महामार्गामुळे कारंजा, मेहकर, धामणगाव या बाजूचा माल लांब जाऊ लागला आहे. मोठ्या ट्रकला माल भरायचा तर तो खेड्यातून इंटरचेंजजवळ आणून देणारं छोटं वाहन लागतंच.

मिरची-हळद कांडपाची चक्की असेल तर वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हे लक्षात घ्या. नागपूर-अमरावतीकडे गेलेले जुने गिऱ्हाईक-नातलग ओळखीच्या हातून दळलेला माल मागतात. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या सोसायटीत वर्षाचा मसाला जाऊ लागला तर चक्कीचे दोन महिने भरतात. पाकीट करून विकायचं तर एफएसएसएआयची (अन्न सुरक्षेची) नोंदणी आधी करून घ्या.

ऑनलाइन सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी आणखी एक काम आलं आहे. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावाने कापूस द्यायचा तर २०२५-२६ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते. ज्यांचे सातबारे तुम्ही वर्षानुवर्षं काढून दिले, त्यांना हंगामाआधी फोन करून कागद तयार ठेवायला सांगा.

सातवं पाऊल: छोटं काम घ्या आणि लिहून घ्या

पहिल्याच भेटीत वर्षाचं काम मागू नका. एक फेरी, एक ट्रॉली, एका कार्यक्रमाचा मंडप, एवढंच मागा. दर ओळखीपोटी निम्मा करू नका. एकदा निम्मा केलेला दर तोच तुमचा दर ठरतो. ओळखीची सवलत द्यायची तर ती वेळेत द्या: आधी पोहोचा, काम झाल्यावर दोन दिवसांनी फोन करून नीट चाललं आहे ना ते विचारा.

दर, तारीख, पैसे कधी आणि सामान कुणाचं, हे चार मुद्दे बोलणं झाल्यावर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा: “काकाजी, ठरल्याप्रमाणे...”. नात्यातल्या माणसालाही पाठवा. सामान लागत असेल तर तेवढा इसार आधी घ्या.

मिल, कंपनी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला माल बनवून अथवा सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर आधारवरून होते आणि मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. नोंदणी झालेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही.

ज्या मुनिमाने किंवा दुकानदाराने काम मिळवून दिलं त्याला काय द्यायचं, हे उघडपणे ठरवा. काहींना दलाली हवी असते, काहींना त्यांच्या घरचं काम आधी झालेलं हवं असतं, आणि काहींना पैसे देऊ केलेले आवडत नाहीत. विचारल्याशिवाय कळत नाही. मालकाच्या नकळत नोकराला पैसे देणं मात्र टाळा, ते उघड झालं की दोघांचंही दार बंद होतं.

फसवणुकीबद्दल दोन शब्द. जुन्या ओळखीच्या नावाने फोन करून ‘अ‍ॅडव्हान्स पाठवतो, पिन टाका’ म्हणणारे बरेच आहेत. पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलात तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आणि साखळी योजना किंवा घरबसल्या दुप्पट पैसे असलं काही घेऊन जुन्या माणसांकडे जाऊ नका. कमवलेला विश्वास त्यात जातो तो परत येत नाही.

आठवं पाऊल: वही चालू ठेवा

आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. कुणाला भेटलो, काय म्हणाले, पुन्हा कधी जायचं, हे त्याच अर्ध्या पानावर लिहा. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणाले असतील तर दिवाळीनंतर खरोखर जा, बहुतेक जण जात नाहीत. तुमच्याकडे आलेलं पण तुम्हाला न जमणारं काम यादीतल्या दुसऱ्या माणसाकडे पाठवा आणि दोघांनाही कळवा.

दोनदा फोन करून आणि एकदा भेटूनही कुणी प्रतिसाद दिला नाही, तर त्या पानावर पुढच्या हंगामाची तारीख टाकून ते मिटा, त्याच हंगामात तिसऱ्यांदा जाऊ नका. त्याच्या घरच्या लग्नाचं किंवा तेराव्याचं कळलं तर मात्र जाऊन या, आणि यादीत त्याच्या जागी पुढचं नाव घ्या.